दुरुस्तीचा निर्देशांक आणि भरे गावचा संगणक

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याची दोन टोके परस्परांना फारशी ओळखत नाहीत. एका टोकाला हिंजवडी आणि माण या गावांच्या जमिनीवर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने वसवलेले राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे. परदेशांतील बँका आणि विमा कंपन्यांच्या संगणकप्रणालींची देखभाल तेथून अहोरात्र चालते. दुसरीकडे, पिरंगुट-घोटावडे पट्ट्यात भरे नावाचे गाव आहे. नकाशावर पाहिले तर ही दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून लांब नाहीत. पण भरे किंवा त्याच्यासारख्या गावातील दाखले काढून देणाऱ्या केंद्राचा संगणक एखाद्या सकाळी सुरूच झाला नाही, तर हिंजवडीच्या त्या हजारो संगणक अभियंत्यांचा त्या केंद्राला काडीचा उपयोग नसतो. केंद्रचालकापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर ते खोके दुचाकीवर बांधून पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली गाठायची. नाही तर ओळखीच्या एखाद्या तरुणाला बोलवायचे. हा तरुण बहुधा एकच उपाय करतो. तो 'फॉरमॅट मारतो.' बिघाड विजेचा असो, धुळीचा असो की सैल झालेल्या एखाद्या जोडणीचा, सगळ्यावर औषध तेच.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये 'दुरुस्तीयोग्यता निर्देशांका'चा अहवाल सादर केला, तेव्हा शहरी वर्तमानपत्रांनी त्याचे स्वागत केले. ते योग्यच होते. स्मार्टफोन आणि टॅब्लेट यांच्यावर, ते दुरुस्त करणे किती सोपे आहे हे सांगणारे गुण उत्पादकांनीच जाहीर करावेत, ते दुकानात, ऑनलाइन विक्रीच्या ठिकाणी आणि खोक्यावरील क्यूआर कोडमधून ग्राहकाला दिसावेत, अशी ही शिफारस आहे. त्यामागे २०२२ पासूनचा प्रवास आहे. त्या वर्षीच्या जुलैत या विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि २४ डिसेंबरच्या राष्ट्रीय ग्राहकदिनी त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात घेतली गेली. फ्रान्सने असा निर्देशांक जानेवारी २०२१ मध्येच लागू केला होता, आणि युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या स्मार्टफोनच्या माहितीपट्टीवर दुरुस्तीची श्रेणी छापणे बंधनकारक केले. आपण त्या वाटेने निघालो आहोत, हे नाकारण्याचे कारण नाही.

मात्र या साऱ्या चर्चेत दुरुस्ती म्हणजे सुटा भाग मिळणे आणि तो बसवता येणे एवढाच अर्थ गृहीत धरला जातो. त्याआधीची पायरी, म्हणजे नेमके काय बिघडले आहे हे शोधून काढणे, तिचा विचार अभावानेच होतो. वैद्यकात निदानाला जे स्थान आहे तेच येथेही असायला हवे. ते नसल्यामुळे दहा-वीस रुपयांच्या बिघाडापायी हजारो रुपयांचे यंत्र भंगारात जाते. हे बिघाड कसे असतात ते थोडे तपशिलात पाहणे आवश्यक आहे, कारण प्रश्नाचे खरे स्वरूप त्या तपशिलातच आहे.

सुरुवात विजेपासून करू. मुळशीच्या बाबतीत हा विषय थोडा बोचरा आहे. टाटांच्या धरणासाठी याच तालुक्यातील गावे पाण्याखाली जाणार होती म्हणून १९२१ साली येथे सत्याग्रह झाला, सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. धरण झाले, पाणी सह्याद्री ओलांडून खाली कोकणात भिऱ्याला गेले आणि त्यातून निघालेली वीज मुंबईला. विजेच्या बाबतीत ग्रामीण भागाच्या वाट्याला जे येते त्याची गुणवत्ता आजही शहरासारखी नसते. नियमानुसार घरगुती पुरवठा २३० व्होल्टच्या सहा टक्के वर किंवा खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्टदरम्यान असायला हवा. लांब पसरलेल्या वाहिनीच्या शेवटी संध्याकाळच्या वेळी तो किती असतो, हे ज्यांच्या घरात स्टॅबिलायझर खटखट करतो त्यांना वेगळे सांगायला नको.

अर्थात, संगणकाचा वीजपुरवठा करणारा भाग, ज्याला सर्वजण एसएमपीएस म्हणतात, तो कमी दाब बराच सहन करतो. आजचे बहुतेक चार्जर आणि अॅडॉप्टर तर १०० ते २४० व्होल्टपर्यंत कोठेही चालतात. खरा घात होतो तो न्यूट्रल तुटल्यावर. खांबावरून तीन फेज आणि त्यांना मिळून एक न्यूट्रल अशा तारा येतात. वादळात किंवा सांध्याला गंज चढून ही सामाईक तार तुटली, की कोणत्या घरात किती दाब जाईल हे त्या क्षणी कोणाकडे किती उपकरणे चालू आहेत यावर ठरते. ज्याच्याकडे फारसे काही चालू नाही, त्याच्या घरात तो चारशे व्होल्टच्या जवळ पोहोचू शकतो. एकाच गल्लीतील पाच-सहा दूरचित्रवाणी संच आणि राउटर एकाच संध्याकाळी 'जळाले' अशी तक्रार ऐकू आली, की अनुभवी तंत्रज्ञ संचाकडे नव्हे, खांबाकडे पाहतो.

आणि गंमत अशी, की यांतील अनेक संच जळालेले नसतातच. त्यांच्या प्रवेशद्वारापाशी व्हॅरिस्टर नावाची एक छोटी, चपटी गोल चकती बसवलेली असते. दाब मर्यादेबाहेर गेला की ती स्वत: फुटते, त्यासरशी फ्यूज उडतो आणि पुढचे मंडळ वाचते. मागील झाकण उघडल्यावर काळवंडलेली चकती दिसते, ती आणि फ्यूज बदलला की बहुतेक वेळा संच पूर्ववत चालू होतो. दोन्ही मिळून खर्च काही दहा रुपयांचा. सेवा केंद्रातून मात्र 'बोर्ड गेला' असे उत्तर येते, आणि बोर्डाची किंमत ऐकून ग्राहक नव्या संचाच्या दुकानात शिरतो.

संगणकाच्या लोखंडी पेटीला हात लावल्यावर येणाऱ्या झिणझिण्या ही अशीच आणखी एक गोष्ट. 'पेटीत करंट उतरला' म्हणून एसएमपीएस बदलणारे लोक पुण्यातही आहेत. वस्तुत: एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतील खरखर गाळण्यासाठी दोन लहान कपॅसिटर पेटीला जोडलेले असतात. तिसऱ्या पिनेची अर्थिंग आहे, असे गृहीत धरूनच ती रचना केलेली असते. भिंतीतील तिसरे छिद्र नुसतेच शोभेचे असेल, तर पेटीवर मूळ दाबाच्या जवळपास निम्मा दाब तरंगत राहतो. हा प्रवाह अगदी क्षीण असतो, माणसाला चिमटा बसण्यापलीकडे काही होत नाही. पण चालू संगणकाला मॉनिटर किंवा प्रिंटरची वायर लावताना हाच प्रवाह नाजूक मंडळातून वाट काढतो आणि पोर्ट निकामी होतो. अशा वेळी बिघाड यंत्रात नसतो, इमारतीत असतो. नवा संगणक आणून तेथेच ठेवला तर तोही त्याच वाटेने जाणार.

काही बिघाडांचे सोंग तर फारच फसवे. मदरबोर्डवर तीन व्होल्टचा, नाण्याएवढा सेल असतो. काही वर्षांनी तो संपला की संगणक बंद केल्यावर त्याचे घड्याळ मागे जाते. यंत्र सुरू होते, सगळे ठीक दिसते, पण एकही शासकीय किंवा बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही. 'जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा येतो. कारण संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत संगणकाच्या चुकीच्या तारखेशी जुळत नाही. विषाणू शिरला असावा, इंटरनेट कंपनीचा दोष असावा, असे तर्क होतात. रांगेतील माणसे 'सर्व्हर डाऊन' ऐकून परत जातात. सेल बदलून तारीख दुरुस्त करायला पाच मिनिटेही लागत नाहीत. पेटी चालू होते पण पडद्यावर काहीच उमटत नाही, आतून नुसती बीपबीप ऐकू येते, अशा वेळी पुष्कळदा रॅमच्या पट्टीच्या सोनेरी कडेवर मळ बसलेला असतो. वीज पूर्ण काढून, पट्टी बाहेर घेऊन, शाळेतल्या खोडरबराने ती कड हलकेच पुसली आणि पट्टी पुन्हा नीट बसवली की काम होते. वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारा संगणक तापलेला असतो आणि त्याच्या पंख्यात धुळीची गोधडी बसलेली असते. मुळशीचा पाऊस आणि दमट हवा यांत जोडण्यांवर गंज चढतो, शिवाय उबेला आलेली पाल एसएमपीएसमध्ये मरून पडलेली सापडणे हाही ग्रामीण तंत्रज्ञांच्या नित्य अनुभवाचा भाग आहे.

निदान म्हणजे काय, याचा प्रत्यय प्रस्तुत लेखकाला आपल्याच घरातील एका मॉनिटरने दिला. सकाळी सुरू केला की दोन-तीन मिनिटे पडदा लुकलुकायचा, मग दिवसभर व्यवस्थित चालायचा. एका सेवा केंद्राने तो न उघडताच पॅनेल गेल्याचे सांगितले आणि नव्या मॉनिटरच्या जवळपास जाणारी रक्कम मागितली. तपकीर गल्लीच्या आतल्या बाजूला, जेमतेम एक टेबल मावेल अशा जागेत बसणाऱ्या एका कारागिराने मॉनिटरला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला, ''थंडीच्या दिवसांत जास्त वेळ लागतो का?'' लागत होता. त्याने झाकण काढून डोके फुगलेले दोन कपॅसिटर दाखवले. असे कपॅसिटर गार असताना नीट काम करीत नाहीत, थोडे तापले की सावरतात. दोन नवे बसवले, डाख दिला, पंधरा मिनिटांत काम झाले. हा दोष काही त्या एका मॉनिटरचा नव्हता. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष रसायन भरलेले कपॅसिटर जगभरातील मदरबोर्डमध्ये बसवले गेले, नामांकित अमेरिकी कंपन्यांनाही त्यापायी लाखो यंत्रांचे बोर्ड बदलून द्यावे लागले. त्या काळात शिकलेल्या कारागिरांच्या नजरेला फुगलेला कपॅसिटर आपोआप दिसतो.

ही नजर आता दुर्मीळ का झाली? जुन्या रेडिओच्या आत मंडळाची आकृती चिकटवलेली असे, ती पाहून आणि मल्टिमीटर लावून माणसे शिकत. आज लॅपटॉपच्या मदरबोर्डचे आराखडे उत्पादक देत नाहीत. ते कोठून तरी फुटतात आणि पेनड्राइव्हमधून कारागिरांच्या हातोहात फिरतात. या देशातील बोर्डदुरुस्तीचा मोठा भाग अशा चोरट्या कागदपत्रांवर उभा आहे, हे उघड गुपित आहे. त्यातच अलीकडे सुट्या भागाला क्रमांक देऊन तो विशिष्ट यंत्राशीच जखडण्याची पद्धत आली. तसाच दुसरा भाग बसवला तरी यंत्र त्याला ओळख देत नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२४ साली केलेल्या कायद्याने या प्रकाराला मनाई केली. पण कंपन्यांनाच सर्व दोष देऊन भागणार नाही. सेवा केंद्रातील तंत्रज्ञाचा एक तास महाग असतो, बोर्ड बदलणे दहा मिनिटांचे काम असते. त्यांच्या हिशोबात निदान परवडत नाही.

कोणाच्या हिशोबात परवडते, याचे उत्तर पिरंगुट-भरे परिसरातच मिळते. येथील कारखान्यांत यंत्रे चालवणारी नियंत्रक मंडळे असतात. असे एक मंडळ बंद पडले तर उत्पादनाची ओळ थांबते आणि तोटा तासांत मोजला जातो. कारखान्याच्या देखभाल विभागातील माणूस म्हणूनच आधी पुरवठा तपासतो, मग फ्यूज, मग संवेदक, मग मंडळ. प्रत्येक पायरीची नोंद वहीत होते. मंडळ फेकून न देता त्यातील सुटा भाग बदलून देणारे व्यावसायिक पुणे-पिंपरी पट्ट्यात कारखानदारीच्या आधारावरच टिकून आहेत. बंद यंत्राचा खर्च ज्याच्या अंगावर पडतो, तो निदानाला पैसे मोजतो. दाखल्याच्या रांगेतून परत जाणाऱ्या माणसाचा बुडालेला रोज मात्र कोणाच्याच वहीत येत नाही.

शाळांची अवस्था याहून अवघड आहे. २००४ साली केंद्राने माध्यमिक शाळांसाठी संगणक योजना आणली, महाराष्ट्रात ती राबवताना ठेकेदाराने पाच वर्षे प्रयोगशाळा चालवायची आणि नंतर ती शाळेच्या ताब्यात द्यायची अशी पद्धत स्वीकारली गेली. पाच वर्षे म्हणजे नेमका तो काळ, ज्यानंतर सेल संपू लागतात, पंखे अडतात, यूपीएसच्या बॅटऱ्या तर त्याआधीच मान टाकतात. देखभालीची गरज वाढू लागते त्याच वेळी देखभाल करणारा निघून जातो. शाळेला समग्र शिक्षा अभियानातून पटसंख्येनुसार वर्षाला १० हजार ते एक लाख रुपये संयुक्त अनुदान मिळते. त्यातच खडू, वीजबिल आणि किरकोळ डागडुजी बसवायची असते. बंद संगणक तसाच कपड्याने झाकून ठेवला जातो. तो 'जडसंग्रह नोंदवही'त चढलेला असल्याने उघडायला शिक्षक धजावत नाही, आणि निर्लेखनाचा ठराव होईपर्यंत टाकूनही देता येत नाही. नोंदवहीचे हे नाव ज्याने ठेवले त्याला भाषेची चांगलीच जाण असली पाहिजे. केंद्राच्या यूडायस प्लस अहवालानुसार देशातील संगणक असलेल्या शाळांचे प्रमाण २०२३-२४ मधील ५७.२ टक्क्यांवरून २०२४-२५ मध्ये ६४.७ टक्क्यांवर गेले. ही वाढ चांगलीच. पण यंत्र बंद पडल्यावर ते किती दिवसांत सुरू झाले, हे अशा टक्केवारीतून कळत नाही.

याच काळात महाराष्ट्राने संगणकसाक्षरतेचे काम मोठ्या प्रमाणावर केले. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा 'एमएससीआयटी' अभ्यासक्रम गावोगावी पोहोचला. त्याने एका पिढीची माऊसची भीती घालवली. पेटीच्या झाकणाची भीती मात्र राहिली, कारण झाकणाच्या आत पाहणे हा त्या साक्षरतेचा भाग नव्हता. केरळने येथे वेगळा विचार केला. तेथील शासकीय संस्था 'काइट' हिने २०१८ पासून शाळांत सुरू केलेल्या 'लिटल काइट्स' या विद्यार्थी मंडळांत हार्डवेअर आणि इलेक्ट्रॉनिक्स हे प्रशिक्षणाचे विषय आहेत. आपल्याकडे चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, संगणक हार्डवेअर देखभालीचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रमही आहे. शेजारच्या शाळेतील बंद पडलेले संगणक हीच या विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा व्हावी, यासाठी नव्या इमारतीची गरज नाही. शिक्षण आणि कौशल्य या दोन खात्यांनी एका कागदावर सह्या करण्याची गरज आहे. आपल्याकडे तेच अधिक कठीण असते, हे खरे.

या साऱ्याला गेल्या काही महिन्यांत नवी निकड आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०'चा नियमित पाठिंबा थांबवला. पुढची आवृत्ती साधारण २०१७ पूर्वीच्या प्रोसेसरवर चालवण्यास कंपनीची मान्यता नाही. म्हणजे ज्या यंत्रांत कसलाही बिघाड नाही, तीही कालबाह्य ठरली. दुसरीकडे, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी लागणाऱ्या स्मृतीचिपांकडे कारखाने वळल्याने २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. मायक्रॉन या मोठ्या उत्पादकाने तर किरकोळ ग्राहकांसाठीची 'क्रुशियल' ही नाममुद्राच गुंडाळण्याचे त्या डिसेंबरात जाहीर केले. जुना संगणक टाकणे आणि नवा घेणे, दोन्ही एकाच वेळी महाग झाले. 'रॅम गेली' असे सांगून नवी पट्टी गळ्यात मारणाऱ्याला आता ग्राहकाने खोडरबराबद्दल विचारायला हवे.

दुरुस्तीचा पुरस्कार करताना एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक यंत्र दुरुस्त होत नाही आणि प्रत्येकाने ते उघडूही नये. एसएमपीएसच्या आतील मोठा कपॅसिटर वीज काढल्यावरही काही काळ झटका देऊ शकतो. मोबाइलची फुगलेली बॅटरी टोचली गेली तर पेट घेते. विजेच्या लोळाने अनेक ठिकाणी भाजलेल्या बोर्डावर तास घालवणे म्हणजे वेळेचा अपव्यय. पण 'हे दुरुस्त होणार नाही' असे खात्रीने सांगता येणे हेही निदानच आहे, आणि ते अंदाजाने सांगितले जाते ही खरी तक्रार आहे. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, त्यातील केवळ २२.३ टक्के योग्य रीतीने गोळा होऊन पुनर्चक्रीकरणात गेल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने निघालेला २०२४ चा अहवाल सांगतो. आपले १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियमही उत्पादकाच्या जबाबदारीचा भर पुनर्चक्रीकरणावरच देतात.

दुरुस्तीयोग्यता निर्देशांक अमलात आणताना म्हणूनच काही गोष्टी त्यात स्पष्टपणे यायला हव्यात. बिघाडाचे कारण लेखी देणे सेवा केंद्रावर बंधनकारक असावे. 'बोर्ड फॉल्टी' हे कारण नव्हे, तो निष्कर्ष आहे. मंडळाचा आराखडा, निदान मुदत संपलेल्या प्रारूपांचा तरी, अधिकृतपणे विकत मिळावा. गुण देताना सुटा भाग दिल्ली-मुंबईत किती दिवसांत मिळतो यापेक्षा तालुक्याच्या ठिकाणी किती दिवसांत पोहोचतो, हे मोजले जावे. शिवाय हा निर्देशांक स्मार्टफोन आणि टॅब्लेटपुरताच थांबता कामा नये. गावातील दाखला ज्या संगणकातून, प्रिंटरमधून आणि राउटरमधून बाहेर येतो ती यंत्रेही त्यात यायला हवीत. आणि राज्य सरकारला एखादे काम उद्यापासूनच करायचे असेल तर शाळा आणि ग्रामपंचायतींच्या इमारतींतील अर्थिंग एकदा मोजून घ्यावी. त्यासाठी निर्देशांक लागत नाही. जमिनीतील खड्ड्यात तांब्याची किंवा लोखंडी पट्टी, कोळसा, मीठ आणि उन्हाळ्यात ओतायला दोन बादल्या पाणी लागते.